बायोप्सीऐवजी नवा एमआरआय चालेल का?

ऐरोलीत राहणाऱ्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांचे वडील ६९ वर्षांचे असून आईसह ठाण्यात राहतात. लघवीला वारंवार जावे लागते आणि धार बारीक झाली आहे, म्हणून गेली दोन वर्षे ते टॅम्सुलोसिन आणि ड्युटास्टेराइड यांची एकत्रित गोळी घेत आहेत. मागच्या वर्षी त्यांचे पीएसए, म्हणजे मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणाऱ्या एका प्रथिनाचे रक्तातले प्रमाण, ५.१ होते, यंदा ते ६.८ आले. यूरोलॉजिस्टनी प्रोस्टेटचा एमआरआय करायला सांगितला. त्याच्या अहवालात ग्रंथीचे आकारमान ६२ सीसी, डाव्या बाजूच्या परिघीय (बाहेरच्या) भागात ९ मिलिमीटरचा एक संशयास्पद भाग आणि त्याला पाय-रॅड्स (एमआरआयवरून कॅन्सरचा संशय १ ते ५ असा मोजणारी पद्धत) ३ असा दर्जा, अशी नोंद आहे. डॉक्टरांनी बायोप्सी सुचवली. दरम्यान अमेरिकेतल्या मावसभावाने काही लेख पाठवले आणि ‘व्हर्डिक्ट’, ‘रिस्ट्रिक्शन स्पेक्ट्रम इमेजिंग’ अशा प्रगत डिफ्यूजन (ऊतीतल्या पाण्याची हालचाल मोजणाऱ्या) एमआरआय तंत्रांनी सुई न टोचताच कॅन्सर ओळखता येतो, असे घरात सर्वांना वाटू लागले. सुई लागली की गाठ पसरते, असे सख्ख्या भावाचे म्हणणे आहे. वडिलांना मात्र ‘जंतुसंसर्ग आहे का ते बघायचे आहे’ एवढेच सांगितले आहे. एमआरआय केंद्रावरचा फॉर्मही मुलीनेच भरला. त्या विचारतात: खर्च करून, प्रसंगी परदेशी जाऊन, हा नवा एमआरआय करून घ्यावा का? की तो आपल्याकडे सर्रास मिळू लागेपर्यंत वर्ष-दोन वर्षे थांबावे? आणि बाबांना सांगावे का?

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन टाकणे बरे. कितीही प्रगत असला तरी आज कोणताही एमआरआय बायोप्सीची जागा घेत नाही. बायोप्सी हवी की नको आणि हवी असेल तर सुई नेमकी कुठे न्यायची, हे ठरवायला मदत करणे हे एमआरआयचे काम आहे, आणि ते काम तो फार चांगले करतो. कॅन्सर आहे का आणि असल्यास किती आक्रमक आहे, हे मात्र सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहूनच कळते. पण त्याहून महत्त्वाची एक गोष्ट तुम्ही पत्रात जाता जाता लिहून गेला आहात, आणि माझ्या मते बाबांच्या बाबतीत ती कोणत्याही नव्या स्कॅनपेक्षा अधिक वजनाची आहे. ती म्हणजे त्यांची रोजची गोळी.

ड्युटास्टेराइड आणि त्याच जातीचे फिनास्टेराइड ही औषधे टेस्टोस्टेरॉनचे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या प्रोस्टेट वाढवणाऱ्या संप्रेरकात होणारे रूपांतर रोखतात. त्यामुळे वाढलेली ग्रंथी हळूहळू आकसते, लघवीची धार सुधारते आणि रक्तातले पीएसए सहा महिने ते वर्षभरात साधारण निम्म्यावर येते. ग्रंथीत कॅन्सर असला तरीही हा आकडा खाली येऊ शकतो. म्हणजे औषध आपले काम चोख करत असते आणि त्याच वेळी धोक्याची खूण झाकतही असते. म्हणून ही गोळी दीर्घकाळ घेणाऱ्या माणसाचे पीएसए दुप्पट करून वाचण्याची पद्धत आहे. त्या हिशेबाने बाबांचे ६.८ हे प्रत्यक्षात १३.६ च्या आसपास धरावे लागते. ‘काहींचे तर वीस-वीस असते, बाबांचे जेमतेम सात’ हा पत्रातला दिलासा त्यामुळे टिकत नाही.

आता हाच आकडा एमआरआयच्या अहवालाशेजारी ठेवून पाहा. मोठ्या ग्रंथीतून पीएसए जास्त येणे साहजिक असते, म्हणून पीएसएला ग्रंथीच्या आकारमानाने भागून ‘पीएसए घनता’ काढतात. पाय-रॅड्स ३ हा दर्जा म्हणजे ‘निश्चित सांगता येत नाही’. या दर्जाच्या रुग्णांत दखलपात्र, म्हणजे ज्याची दखल घ्यावी असा कॅन्सर निघण्याचे प्रमाण बहुतेक अभ्यासांत दहा ते वीस टक्क्यांच्या आसपास दिसते, आणि अशा वेळी बायोप्सी करावी की लक्ष ठेवून थांबावे, हे ठरवताना घनतेचा आधार घेतला जातो. ०.१५ च्या खाली घनता असेल आणि बाकी काही धोके नसतील, तर अनेक डॉक्टर रुग्णाशी बोलून थांबायला तयार होतात. ६.८ भागिले ६२ म्हणजे ०.११, अर्थात थांबण्याच्या बाजूने, १३.६ भागिले ६२ म्हणजे जवळपास ०.२२, अर्थात बायोप्सीच्या बाजूने. गोळीने ग्रंथीही थोडी आकसलेली असणार, त्यामुळे हा हिशेब काटेकोर नाही. तरीही एका गोळीची नोंद आहे की नाही, एवढ्यावरून निर्णयाचे पारडे कसे फिरते ते तुमच्या लक्षात येईल.

दुसरे असे की, गोळी सुरू होऊन वर्ष झाल्यावर जे ५.१ होते ते आता ६.८ झाले आहे. गोळी नियमित चालू असताना खाली गेलेले पीएसए खालीच राहावे अशी अपेक्षा असते. ते पुन्हा चढू लागले तर त्याकडे गांभीर्याने पाहतात. मात्र मधले काही महिने बाबांनी गोळी सोडली असेल, तर केवळ त्यामुळेही आकडा वर गेला असेल. गोळी नियमित घेतली जात होती का, हे घरात फक्त एकच माणूस सांगू शकतो, आणि नेमके त्यालाच या सगळ्यातून बाहेर ठेवले आहे. एमआरआयचा फॉर्म तुम्ही भरला, त्यात चालू औषधांच्या रकान्यात ही गोळी लिहिली होती का, ते आठवून पाहा. नसेल तर अहवाल वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्टला ती ठाऊक नव्हती. गोळी दुसऱ्या डॉक्टरांनी सुरू केली असेल, तर यूरोलॉजिस्टनाही ती माहीत आहे असे गृहीत धरू नका.

आता तुमच्या मावसभावाने पाठवलेल्या लेखांकडे येऊ. त्यांतले विज्ञान खोटे नाही आणि मला ते मनापासून महत्त्वाचे वाटते; म्हणूनच त्यातून काय मिळते आणि काय मिळत नाही, हे जरा सविस्तर सांगणे योग्य होईल.

शरीरातल्या पाण्याचे रेणू सतत हलत असतात. निरोगी प्रोस्टेटच्या परिघीय भागात ग्रंथींच्या बारीक पोकळ्या द्रवाने भरलेल्या असतात, आणि तिथे पाणी बऱ्यापैकी मोकळेपणाने फिरते. कॅन्सर वाढतो तेव्हा पेशींची दाटी होते, पोकळ्या बुजतात आणि पाण्याची हालचाल अडते. ठाणे स्थानकाच्या पादचारी पुलावर दुपारी तीन वाजता माणूस हवा तिकडे चालू शकतो. सकाळी साडेआठला त्याच पुलावर, तेवढ्याच वेळात, त्याला चार पावलेही सरकता येत नाही. डिफ्यूजन एमआरआय पाण्याच्या सरकण्यातला असा फरक मोजतो. त्यासाठी चुंबकीय क्षेत्रात पाठोपाठ दोन ग्रेडियंट स्पंद (जागेनुसार क्षेत्राची तीव्रता क्षणभर बदलणारे झटके) दिले जातात. मधल्या काळात जे रेणू दूर सरकतात त्यांच्याकडून येणारा संकेत क्षीण होतो, आणि जे अडकून पडतात त्यांचा संकेत टिकून राहतो. या मापनाची मूळ पद्धत स्टेजस्कल आणि टॅनर यांनी १९६५ मध्ये मांडली, आणि १९८६ मध्ये डेनिस ल बिहान यांनी ती प्रत्यक्ष रुग्णांच्या प्रतिमांपर्यंत आणली.

या मापनाचा जोर ‘बी व्हॅल्यू’ नावाच्या आकड्याने ठरतो. बी व्हॅल्यू जास्त असलेल्या प्रतिमेत अडकलेल्या पाण्याचा भाग उजळ दिसतो. वेगवेगळ्या बी व्हॅल्यूंच्या प्रतिमांवरून ‘एडीसी’ नावाचा नकाशा तयार करतात आणि त्यात तोच भाग काळा दिसतो. उजळ आणि काळा यांची ही जोडी जिथे एकाच जागी भेटते, तिथे रेडिओलॉजिस्टची नजर थांबते. बाबांचा अहवाल ज्या पाय-रॅड्स पद्धतीने लिहिला आहे, तिच्या २०१९ च्या २.१ या आवृत्तीत परिघीय भागातल्या गाठीचा दर्जा मुख्यतः डिफ्यूजनवरच ठरतो आणि उच्च बी व्हॅल्यू किमान १४०० असावी असे म्हटले आहे. ग्रंथीच्या आतल्या, मूत्रमार्गाभोवतीच्या भागात मात्र टी-टू प्रतिमा (ऊतींची रचना दाखवणाऱ्या एमआरआयच्या नेहमीच्या प्रतिमा) प्रमुख मानतात, कारण वयानुसार होणाऱ्या साध्या वाढीच्या गाठीही तिथे दाट दिसतात. म्हणजे बाबांच्या बाबतीत डिफ्यूजन तपासणी झालेलीच आहे. प्रश्न तिच्या पुढच्या पिढीचा आहे.

पुढच्या पिढीची गरज का भासली? एडीसी हा सगळ्या ऊतीसाठी मिळून एकच आकडा असतो. केशवाहिन्यांतून वाहणारे रक्त, पोकळ्यांतला द्रव, पेशींबाहेरचे पाणी आणि पेशींच्या आत अडकलेले पाणी, या सगळ्यांची त्यात सरमिसळ होते. ही सरमिसळ सोडवण्याचे वेगवेगळे मार्ग संशोधकांनी काढले. आयव्हीआयएम हे तंत्र कमी बी व्हॅल्यूंचा उपयोग करून केशवाहिन्यांतला प्रवाह वेगळा काढते. २००५ मध्ये जेन्सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेले कुर्टोसिस इमेजिंग, पाण्याची हालचाल मुक्त हालचालीच्या गणितापासून किती ढळली आहे ते मोजते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये विकसित झालेले व्हर्डिक्ट हे रक्तवाहिन्यांतले, पेशींबाहेरचे आणि पेशींच्या आतले पाणी असे तीन कप्पे करून पेशींनी व्यापलेल्या भागाचा अंदाज देते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो केंद्रातून आलेले रिस्ट्रिक्शन स्पेक्ट्रम इमेजिंग अनेक बी व्हॅल्यूंच्या मदतीने पेशीत कोंडलेल्या पाण्याचा संकेत ठळक करते. शिकागो विद्यापीठातल्या गटाने डिफ्यूजन आणि टी-टू ही दोन्ही मापने एकत्र घेऊन ऊतीत आवरणपेशी किती, आधारऊती किती आणि पोकळी किती, हे काढण्याचा प्रयत्न केला आहे.

यांतल्या काही तंत्रांचे निष्कर्ष आशादायक आहेत. लंडनच्या ‘इनोव्हेट’ अभ्यासात आक्रमक आणि सौम्य गाठींमधला फरक व्हर्डिक्टच्या मापाने एडीसीपेक्षा चांगला ओळखता आला. संशयास्पद पण अनिश्चित अशा पाय-रॅड्स ३ च्या रुग्णांना, म्हणजे बाबांसारख्यांनाच, याचा पुढे सर्वांत जास्त उपयोग व्हावा अशी अपेक्षा आहे, आणि ती रास्त आहे.

पण या अभ्यासांत नव्या स्कॅनचे उत्तर बरोबर की चूक, हे ठरवले कशाने? बायोप्सीनेच. ज्या कसोटीवर ते तंत्र घासून पाहिले जात आहे, ती कसोटीच वगळून त्याच्या निकालावर विसंबणे आज घाईचे होईल. शिवाय हे आकडे त्या त्या केंद्रातल्या यंत्रावर, ठरावीक पद्धतीने आणि त्यातच मुरलेल्या मंडळींच्या हातून मिळालेले असतात; दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर तीच सीमारेषा जशीच्या तशी लागू होईल याची खात्री नसते. पाय-रॅड्स २.१ मध्ये दर्जा ठरवताना या मापांचा समावेश नाही. त्यामुळे परदेशातून आणलेल्या अशा अहवालाचे काय करायचे, हा प्रश्न शेवटी तुमच्या यूरोलॉजिस्टपुढेच येईल, आणि त्यांचे उत्तर बहुधा आजच्यासारखेच असेल. दाटी दिसली म्हणजे कॅन्सरच, असेही नसते. जुना दाह, विशेषतः ग्रॅन्युलोमा (दाहक पेशींचे बारीक पुंजके) तयार करणारा दाह, डिफ्यूजनवर हुबेहूब कॅन्सरसारखा दिसू शकतो. क्षयरोग हे त्याचे एक कारण असल्यामुळे आपल्याकडे ही शक्यता विसरून चालत नाही.

इथे तुमच्या पत्रामागच्या एका गृहीतकाला हळुवारपणे हात घालावासा वाटतो. यंत्र जितके नवे तितके उत्तर पक्के, असे आपण धरून चालतो. प्रोस्टेटच्या एमआरआयमध्ये मात्र साधी तपासणी किती चांगली झाली आणि ती कोणी वाचली, यावर बरेच काही अवलंबून असते. गुदाशय प्रोस्टेटला अगदी खेटून असतो, आणि त्यात वायू साठलेला असेल तर डिफ्यूजनची प्रतिमा ताणल्यासारखी वेडीवाकडी होते. नेमका मागचा परिघीय भाग, जिथे बाबांची गाठ दिसली आहे, तोच त्यात बिघडतो. खुब्याचे कृत्रिम सांधे असतील तरीही तसेच होते. हे इतके महत्त्वाचे ठरले की प्रतिमांच्या दर्जालाच गुण देणारी ‘पाय-क्वाल’ नावाची पद्धत २०२० मध्ये तयार करावी लागली. पाय-रॅड्स ३ बद्दल तर दोन अनुभवी रेडिओलॉजिस्टांचेही अनेकदा एकमत होत नाही. एकाचा ३ दुसऱ्याला २ किंवा ४ वाटू शकतो.

म्हणून नव्या स्कॅनवर खर्च करण्याआधी, झालेला स्कॅन दुसऱ्या तज्ज्ञाकडून वाचून घ्या. केंद्राकडून सीडीवर किंवा पेन ड्राइव्हवर मूळ डायकॉम फाइली (स्कॅनच्या सर्व प्रतिमा असलेल्या संगणकीय फाइली) मागा. मोठ्या पिशवीतून मिळालेल्या फिल्मा यासाठी पुरेशा नसतात, कारण त्यांवर निवडक प्रतिमाच छापलेल्या असतात आणि एडीसीचे आकडे त्यांवरून मोजता येत नाहीत. प्रोस्टेटचे एमआरआय नियमित वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्टकडे त्या फाइली, दोन्ही वर्षांचे पीएसए अहवाल आणि गोळीचे नाव व ती सुरू केल्याची तारीख एकत्र द्या. त्यांना विचारायचे ते एवढेच की प्रतिमांचा दर्जा निर्णयासाठी पुरेसा आहे का, उच्च बी व्हॅल्यू किती घेतली होती, आणि कॉन्ट्रास्टचे (प्रतिमेत रक्तपुरवठा उठून दिसावा म्हणून देतात त्या द्रव्याचे) इंजेक्शन दिले असेल तर ती जागा लवकर उजळते का. हा शेवटचा प्रश्न किरकोळ नाही, कारण परिघीय भागातल्या ३ दर्जाच्या जागेने कॉन्ट्रास्ट लवकर उचलला तर तिचा दर्जा ४ होतो. कॉन्ट्रास्ट दिलेला नसेल तर मात्र घाबरून पुन्हा स्कॅन करायला धावू नका. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्राइम’ या अभ्यासात, प्रतिमा चांगल्या असतील तर कॉन्ट्रास्टविना केलेला एमआरआय दखलपात्र कॅन्सर शोधण्यात मागे पडला नाही.

तुमच्याजवळच खारघरला टाटा स्मारक केंद्राची अॅक्ट्रेक ही संस्था आहे, परळचे टाटा रुग्णालयही दूर नाही, आणि नॅशनल कॅन्सर ग्रिडच्या सहकार्याने चालणाऱ्या ‘नव्या’ या सेवेतून कागदपत्रे ऑनलाइन पाठवूनही दुसरे मत घेता येते. परदेशी जाण्याच्या खर्चाचा विचार करण्याआधी ऐरोलीहून तासाभराच्या अंतरावर काय उपलब्ध आहे, ते पाहावे असे मी आग्रहाने सांगेन.

‘वर्ष-दोन वर्षे थांबावे का’ या प्रश्नाला माझे उत्तर ‘तंत्राची वाट पाहत थांबू नये’ असे आहे. प्रोस्टेटचा कॅन्सर बहुधा सावकाश वाढतो, त्यामुळे दुसरे मत घ्यायला तीन-चार आठवडे लागले तर बिघडत नाही, आणि यूरोलॉजिस्टना विचारून तेवढा वेळ जरूर घ्या. पण चढते पीएसए आणि दिसणारी जागा हाती असताना, येऊ घातलेल्या यंत्रासाठी महिनेच्या महिने घालवणे हे वेगळे.

बायोप्सीविषयीच्या भीतीला मी कमी लेखत नाही, कारण ती आपल्याकडे घराघरांत आहे. सुईच्या वाटेने प्रोस्टेटचा कॅन्सर पसरणे ही अत्यंत विरळ घटना आहे, आणि तिच्या भीतीने निदान टाळणे हे जवळचा मोठा धोका सोडून दूरच्या नगण्य धोक्याला घाबरण्यासारखे होईल. खरा धोका जंतुसंसर्गाचा असतो. पूर्वी सुई सर्रास गुदाशयातून नेत असत. आता वृषण आणि गुदद्वार यांच्यामधल्या त्वचेतून ती नेण्याची पद्धतही रूढ होत आहे आणि तीत जंतुसंसर्गाचा धोका कमी असतो. ही पद्धत उपलब्ध आहे का, आणि एमआरआयची प्रतिमा अल्ट्रासाउंडवर बसवून नेमक्या जागेचे नमुने घेता येतील का, हे दोन प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा. नंतर काही दिवस लघवीत आणि काही आठवडे वीर्यात रक्त दिसू शकते. ते आधी सांगितलेले असले की माणूस घाबरत नाही. बाबा रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील तर ती आपल्या मनाने बंद करू नका, हृदयरोगतज्ज्ञांना विचारूनच ठरवा.

नेम धरून नमुने घेण्याचा फायदा काय, हे ब्रिटनमधल्या ‘प्रॉमिस’ अभ्यासाने २०१७ मध्ये दाखवले. त्यात ५७६ पुरुषांची एमआरआय, नेहमीची बायोप्सी आणि ग्रंथीचा ठरावीक अंतराने कानाकोपरा तपासणारी सखोल बायोप्सी अशी तिहेरी तपासणी झाली. दखलपात्र कॅन्सर एमआरआयने ९३ टक्के रुग्णांत हेरला, तर जुन्या पद्धतीच्या बायोप्सीने ४८ टक्क्यांत. पण ज्यांना असा कॅन्सर नव्हता त्यांपैकी फक्त ४१ टक्क्यांना एमआरआयने निर्धोक ठरवले, म्हणजे उरलेल्यांत तो विनाकारण शंका घेत राहिला. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘प्रिसिजन’ अभ्यासात आधी एमआरआय केलेल्या गटातल्या २८ टक्के पुरुषांची बायोप्सी टळली. उरलेल्यांची नेम धरून केल्यामुळे या गटात दखलपात्र कॅन्सर ३८ टक्के पुरुषांत सापडला, सरसकट बायोप्सी केलेल्या गटात २६ टक्क्यांत. आणि ज्यांची चिंता करायची गरज नाही असे किरकोळ कॅन्सर मात्र कमी निघाले. म्हणजे एमआरआयने बायोप्सी टळू शकते, हा तुमचा समज पूर्णपणे चुकीचा नाही. ती ज्यांची टळते ते बहुतेक १ किंवा २ दर्जाचे असतात. बाबा त्या गटात आहेत असे त्यांच्या कागदांवरून मला दिसत नाही, आणि पत्रात आहे तेवढ्यावरून माझा कल बायोप्सी करून घेण्याकडे आहे.

आणि बायोप्सीत कॅन्सर निघाला, तरी तो निकाल म्हणजे लगेच शस्त्रक्रिया असे नव्हे. ग्लीसन (पेशींच्या रचनेवरून कॅन्सर किती आक्रमक ते सांगणारी मोजपट्टी) ३ अधिक ३ अशी सौम्य श्रेणी निघाली, तर ठरावीक काळाने पीएसए, एमआरआय आणि गरजेनुसार पुन्हा बायोप्सी करत नुसते लक्ष ठेवणे हा मान्य मार्ग आहे. ब्रिटनच्या ‘प्रोटेक्ट’ अभ्यासाने ग्रंथीपुरता मर्यादित कॅन्सर असलेल्या १,६४३ पुरुषांचा पंधरा वर्षे मागोवा घेतला. त्यांना शस्त्रक्रिया, किरणोपचार किंवा सक्रिय देखरेख यांपैकी एका गटात टाकले होते. तिन्ही गटांत प्रोस्टेट कॅन्सरने मृत्यू पावलेल्यांचे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपासच राहिले. देखरेखीच्या गटात रोग पसरण्याचे प्रमाण जास्त होते, हेही खरे. पण निदान आणि उपचार या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, हे घरात सर्वांना कळले तर पहिलीची भीती निम्म्याने कमी होईल.

आता बाबांचे. तुम्ही त्यांच्यापासून लपवता आहात ते मायेपोटी, हे पत्राच्या ओळीओळीत दिसते. तरीही एक विचारू का? ज्यांनी आयुष्यभर घराचे निर्णय घेतले त्यांना आपल्याच शरीराचा निर्णय पेलणार नाही, हे कोणी ठरवले? बायोप्सीच्या संमतिपत्रावर सही त्यांनाच करायची आहे. त्या टेबलावर, परक्या माणसाच्या तोंडून, घाईत त्यांना कळण्यापेक्षा घरच्या बैठकीत तुमच्याकडून कळलेले केव्हाही बरे. सुरुवात ‘कॅन्सर’ या शब्दापासून करायची गरज नाही. ‘बाबा, तुमचे पीएसए वाढले आहे, एमआरआयमध्ये एक जागा दिसली आहे, ती कशाची आहे ते अजून कोणालाच माहीत नाही, आणि ते पाहायचा एक मार्ग डॉक्टरांनी सांगितला आहे,’ एवढे खरे आहे आणि पुरेसे आहे. त्यांनी थेट ‘कॅन्सर असू शकतो का?’ असे विचारले, तर ‘असू शकतो, नसण्याची शक्यताही आहे’ असे उत्तर द्या. मग गोळीचा विषय काढा: रोज घेतलीत का, मध्ये कधी संपली होती का. याच बोलण्यात त्यांच्या भावांना, काकांना असा आजार होता का, हेही विचारा, कारण घराण्यातला इतिहास निर्णयात मोजला जातो आणि तुमच्या भावाच्या पुढच्या तपासण्यांसाठीही तो हवा आहे. आईलाही याच वेळी सोबत घ्या. बायोप्सीनंतर घरी काळजी बहुधा त्याच घेणार आहेत.

अशाच पेचात असलेल्या इतर वाचकांसाठी थोडे. लघवीला जळजळ किंवा ताप असताना केलेले पीएसए निर्णयासाठी धरू नये. संसर्ग बरा झाल्यावर साधारण सहा आठवड्यांनी ते पुन्हा करावे. तपासणीच्या आधी दोन दिवस वीर्यस्खलन आणि लांबची सायकल टाळावी. शक्य असेल तर एमआरआय बायोप्सीच्या आधीच व्हावा. बायोप्सी आधी झालेली असेल तर आतले रक्त विरेपर्यंत, म्हणजे किमान सहा आठवडे, थांबणे चांगले. स्कॅनच्या आधी पोट साफ असावे. पेसमेकर, शरीरातले धातूचे भाग, मूत्रपिंडाचा आजार आणि केसांसाठी घेतली जाणारी फिनास्टेराइडची छोटी गोळी, या सगळ्यांची नोंद फॉर्ममध्ये न विसरता करावी. केसांसाठीच्या लहान मात्रेनेही पीएसए खाली येते, आणि ती प्रोस्टेटची गोळी आहे असे कोणाच्या ध्यानात येत नाही.

सगळे समजून घेतल्यावरही बाबांनी ‘सुई नको’ म्हटले, तर तो त्यांचा अधिकार आहे, आणि तेव्हाही हातावर हात ठेवून बसावे लागत नाही. यूरोलॉजिस्टशी बोलून दर सहा महिन्यांनी त्याच प्रयोगशाळेत पीएसए आणि साधारण वर्षभराने, शक्य तो त्याच यंत्रावर, पुन्हा एमआरआय असे वेळापत्रक लिहून घ्या. गोळी चालू ठेवायची की नाही तेही तेव्हाच ठरवून घ्या, कारण ती मध्येच बंद केली तर पुढचा आकडा मागच्याशी जुळवून पाहता येणार नाही. पीएसए आणखी चढले, एमआरआयमधली जागा वाढली किंवा अधिक ठळक झाली, लघवी तुंबली किंवा पाठीच्या-कमरेच्या हाडांत न थांबणारे दुखणे सुरू झाले, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांकडे जायचे, हेही त्याच कागदावर लिहून ठेवा आणि तो कागद बाबांच्या हातात द्या.